काढ्याचा अष्टमांश आणि तेलाचा डबा

मानपरिभाषा आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केलेली आहे. चूक होते ती बहुधा ते माप रुग्णाच्या चुलीपर्यंत पोहोचताना. रोह्याजवळच्या एका गावातील रुग्ण पेण येथे आमच्याकडे येत असत. शार्ङ्गधरोक्त प्रमाणानुसार २० ग्रॅम भरड, सोळा पट म्हणजे ३२० मि.लि. पाणी आणि अष्टमांश म्हणजे ४० मि.लि. शेष, असा काढा आम्ही सांगितला होता. तीन आठवडे झाले तरी गुण येईना. औषध बदलावे की मात्रा वाढवावी, या विचारात आम्ही होतो. चौकशी करता कळले की, घरी आठवा भाग आटवला जात होता, उरवला जात नव्हता. भांड्यात २८० मि.लि. राहत होते आणि त्यातील ४० मि.लि. घेऊन बाकीचे टाकले जात होते. म्हणजे अपेक्षित औषधाचा जेमतेम सातवा भाग. उकळणे अपुरे झाल्याने कदाचित त्याहूनही कमी. दोष रुग्णाचा नव्हे, आमच्या 'अष्टमांश' या शब्दाचा होता. आता आम्ही सांगतो, 'दोन कप पाणी घाला, पाव कप उरू द्या.' हा हिशेब १६० मि.लि.च्या कपाचा आहे. घरोघरचे कप निराळे, म्हणून कप एकदा दवाखान्यात आणावयास सांगून मापून घेतो.

औषधनिर्मितीत हाच घोटाळा वजन आणि आकारमान यांत होतो. स्नेहसिद्धीत कल्क १, स्नेह ४ व द्रव १६ हे प्रमाण. तिळतेलाच्या डब्यावर '१५' हा आकडा असतो. तो किलो की लिटर, हे वाचावे. एक लिटर तिळतेल सुमारे ९२० ग्रॅम भरते. तेव्हा १५ लिटरच्या डब्यात १३.८ किलो तेल असते व त्यास कल्क ३.४५ किलो लागतो, ३.७५ नव्हे. उलट १५ किलोच्या डब्यात १६.३ लिटर तेल असते. बाटल्या मिलिलिटरने विकणाऱ्या औषधालयाने किमतीचा हिशेब करताना हा फरक सोडू नये. मधाचे याच्या उलट आहे, १०० मि.लि. मध सुमारे १४० ग्रॅम भरतो.

आसवारिष्टांत द्रवद्वैगुण्य विसरले, तर नुकसान अधिक. 'आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडिया'च्या पहिल्या भागात (१९७८) पल ४८ ग्रॅम धरला आहे. त्यानुसार द्रोण १२.२८८ किलो, परंतु द्रवाचा द्रोण दुप्पट, म्हणजे २४.५७६ लिटर. तुला मात्र दुप्पट होत नाही, ती ४.८ किलोच. अनुक्तमानात एक द्रोण द्रवास एक तुला गूळ सांगितला आहे. म्हणजे दर १०० मि.लि. द्रवास सुमारे १९.५ ग्रॅम. द्रव दुप्पट न घेतल्यास हेच प्रमाण ३९ ग्रॅम होते. वर निम्मा मध वेगळाच. इतक्या गोड द्रवात संधान मंदावते आणि आपण मात्र कोकणच्या दमट हवेला बोल लावतो. संधान अडलेच, तर प्रथम घातलेले पाणी आणि गूळ यांची नोंद काढून पाहावी.