बांधावरचे गवत आणि स्क्रब टायफस

पावसाळा सरत असताना बांधावर गवत माजते, खरिपाच्या काढणीची लगबग सुरू होते आणि ग्रामीण भागात तापाचे रुग्ण वाढतात. हा ताप डेंग्यू, मलेरिया किंवा टायफॉइडचा असावा असे बहुधा गृहीत धरले जाते. परंतु त्यांतील काही रुग्णांना स्क्रब टायफस झालेला असतो. नावात साम्य असले तरी हा टायफॉइड नव्हे. हिमाचल प्रदेशापासून तमिळनाडूपर्यंत या रोगाची नोंद आहे. गोरखपूर परिसरातील मुलांच्या मेंदूज्वराचे ते एक प्रमुख कारण ठरले, तर २०१८ मध्ये विदर्भात त्याचा उद्रेक झाला.

रोगकारक व वाहक

ओरिएन्शिया सुत्सुगामुशी या जीवाणूमुळे हा रोग होतो. पिकांवरील लाल कोळी ज्या गटातील, त्याच गटातील एका कोळ्याची सुमारे ०.२ मि.मी. आकाराची अळी, म्हणजेच चिगर, त्याचा प्रसार करते. पुढील अवस्था जमिनीत राहून सूक्ष्म कीटक व त्यांची अंडी खातात; उंदीर, चिचुंद्री वा माणसाला चावते ती केवळ अळी, तीही सहसा एकदाच. मग तिच्यात जीवाणू येतो कोठून? तो बाधित मादीकडून अंड्यांमार्फत पुढच्या पिढीत उतरतो. त्यामुळे कोळी हा वाहकही आहे आणि जीवाणूचे भांडारही. केवळ उंदीर मारून रोग संपत नाही, तो यामुळेच. रुग्णाच्या सहवासातून मात्र हा रोग पसरत नाही.

लक्षणे

चावल्यानंतर साधारणतः ६ ते २१ दिवसांत तीव्र ताप, डोकेदुखी व अंगदुखी सुरू होते. चाव्याच्या जागी सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसू शकते. ती दुखत नाही आणि कंबर, जांघ, काख, स्तनांखालील भाग अशा झाकलेल्या जागी असल्याने लक्षात येत नाही. प्रत्येक रुग्णात ती आढळतेच असे नाही. उपचार लांबल्यास फुप्फुसे, मूत्रपिंडे व मेंदू बाधित होऊन मृत्यू ओढवू शकतो.

उपचार

हा जीवाणू पेशींच्या आत वाढतो. पेनिसिलिन गटातील प्रतिजैविके त्यावर उपयोगी पडत नाहीत. डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर दिलेले डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन गुणकारी ठरते. गर्भवतींसाठी ॲझिथ्रोमायसिन निवडले जाते. गंभीर रुग्णांना ही दोन्ही औषधे शिरेतून एकत्र दिल्यास अधिक लाभ होतो, असे भारतातील रुग्णालयांत झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. संशय बळावल्यास तपासणी अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू केले जातात. या रोगावर लस उपलब्ध नाही.

प्रतिबंध

• गवत कापताना पूर्ण बाह्यांचे कपडे व गमबूट वापरावेत. पायजम्याची टोके बुटात खोचावीत.
• उघड्या त्वचेवर डीईईटीयुक्त कीटक-प्रतिकारक लावावे.
• गवतावर थेट बसू वा झोपू नये. झुडपांवर कपडे वाळत घालू नयेत.
• शेतातून परतताच साबणाने अंग चोळून स्नान करावे व कपडे धुवावेत.
• घर, गोठा व खळ्याभोवतीचे गवत काढावे. धान्याची सांडलवंड टाळून उंदरांना थारा देऊ नये.

विस्तार कार्यकर्त्यांनी काढणीपूर्व बैठकांत एक गोष्ट आवर्जून सांगावी: ताप आल्यास ‘मी मागील तीन आठवड्यांत गवतात काम केले आहे’ हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा आणि अंगावर काळी खपली आहे का, ते तपासून घ्या. एवढ्या माहितीने निदानाचे मोलाचे दिवस वाचतात.