पडद्यावरचा बाप हात आवरतो तेव्हा

‘अभ्यास केला नाहीस तर बोर्डिंगात टाकीन!’ हा दम मराठी घरांना नवा नाही. डिसेंबर २००७ मध्ये त्या दमाचाच सिनेमा झाला. ‘तारे जमीन पर’मधल्या ईशानला बाप मुंबईहून नेऊन एका निवासी शाळेत सोडतो. ते चित्रीकरण सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीत, न्यू एरा शाळेत झालं. अक्षरं पोराच्या डोळ्यांपुढे नाचत असतात आणि बापाच्या लेखी तो निव्वळ आळशी असतो.

त्याच वर्षी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा बालछळाविषयीचा अहवाल आला होता. महाराष्ट्र धरून १३ राज्यांतली १२,४४७ मुलं त्यात बोलती झाली. दर तिघांतल्या दोघांनी शारीरिक छळ सोसला होता. घरात मार खाल्लेल्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आई-वडीलच होते.

आता प्रश्न असा, की सिनेमा पाहून असा हात थांबतो का?

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६३ मध्ये याची उलटी बाजू दाखवली. बालवाडीतल्या मुलांना त्यांनी फुगवलेल्या बाहुलीला बडवणाऱ्या मोठ्या माणसाची फिल्म दाखवली. नंतर तीच बाहुली समोर आली, तेव्हा फिल्म पाहिलेल्या पोरांनीही तिला धुतलं. माणूस प्रत्यक्ष समोर होता की पडद्यावर, याने फारसा फरक पडला नाही. पुढे त्यांनी कुत्र्याला घाबरणाऱ्या मुलांना कुत्र्याशी मजेत खेळणाऱ्या मुलांच्या फिल्म दाखवल्या, तर भीती कमी झाली. थोडक्यात, पडद्यावर जी कृती घडताना दिसते, ती उचलली जाते. शेवटच्या रिळात सांगितलेलं तात्पर्य तितकं उचललं जाईलच असं नाही.

आपल्याकडचे बरेच ‘जागृतीपर’ चित्रपट इथेच घसरतात, असं मला वाटतं. पाऊण तास मारहाण, पाच मिनिटं पश्चात्ताप आणि मग हुंदके. छडीचं कौतुक करणारं गाणं तर आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या ‘श्यामची आई’तलं. तो चित्रपट थोरच, पण त्या गाण्यावर ठेका धरताना छडीही आपल्या अंगवळणी पडली.

‘तारे जमीन पर’ने एक काम फार नेमकं केलं. ईशानच्या शाळेतले निकुंभ सर त्याच्या बापापुढे अनोळखी लिपीतल्या अक्षरांचा एक खोका धरतात आणि म्हणतात, वाचा. बाप म्हणतो, कसं वाचणार? सर उलट त्यालाच दटावतात. मुलाची अडचण बापाला व्याख्यानाने कळली नसती, ती त्या अर्ध्या मिनिटात कळते. पण नंतर घरी काय बदललं? मूल पुन्हा अडखळलं तेव्हा बाप काय बोलला? ते आपल्याला दिसत नाही. बदलाचा सारा भार मास्तरांवर पडतो आणि प्रेक्षागृहातला बाप डोळे पुसून घरी जातो.

अमेरिकेत कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन यांनी १९८० च्या दशकात पालकांसाठी केलेल्या चित्रफिती वेगळ्या होत्या. घरातले साधे प्रसंग, एक-दोन मिनिटांचे तुकडे, मग फीत थांबवून गप्पा. एकट्याने फीत पाहणाऱ्या पालकांच्या वागण्यातही फरक पडला. पण तीन वर्षांनी तपासलं, तेव्हा फीत आणि गटचर्चा दोन्ही मिळालेल्यांचा बदलच नीट टिकून होता. अलीकडे थायलंड-म्यानमार सीमेवरच्या ताक प्रांतात स्थलांतरित कुटुंबांसाठी खास कथापट तयार झाला. काही वस्त्यांना तो दाखवायचा आणि काहींना नाही, अशी चिठ्ठ्या टाकून विभागणी करून त्याचा परिणाम तपासला गेला. औषधाची चाचणी घेतात तशीच ही सिनेमाची चाचणी.

मुलांसाठी आपल्याकडे ‘कोमल’ आहे. चाइल्डलाइनचा हा छोटा ॲनिमेशनपट नकोसा स्पर्श झाला तर नाही म्हणायचं, निघून जायचं आणि विश्वासातल्या माणसाला सांगायचं, हे करून दाखवतो. १०९८ हा मदतीचा नंबर मुलांपर्यंत पोचवायलाही अशाच फिल्म उपयोगी पडतात. पालकांसाठी इतकं सरळ, घडताना दाखवलेलं, क्वचितच दिसतं.

समजा वाळव्यातला एक बाप कारखान्याच्या रात्रपाळीवरून आलाय. पोराच्या प्रगतिपुस्तकात गणिताखाली लाल रेघ. हात वर जातो. कॅमेरा नेमका इथे थांबायला हवा, पुढच्या दहा सेकंदांसाठी. तो चपला घालून ओट्यावर जातो? आधी पाणी पितो? परत येऊन पहिलं वाक्य कोणतं बोलतो? ‘तुझं कुठं अडतंय, दाखव बरं’ एवढं एक वाक्य ऐकायला मिळालं, तरी घरी नेता येईल.

दाखवायची जागा शोधावी लागणार नाही. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या जत्रेत तंबूतला सिनेमा पाहायला बैलगाड्या, ट्रॅक्टर भरून कुटुंबं येत. आता तंबू कमी झाले, पण शाळेची पालकसभा आहे, अंगणवाडी आहे, आशाताईंच्या हातात मोबाइल आहे. फक्त फिल्म संपल्यावर लगेच दिवे लावून सतरंज्या गुंडाळू नयेत. अर्धा तास बसून बोलावं आणि त्यात बापांनाही बसवावं. पालकसभेला बहुतेक आयाच येतात, हे कुठल्याही मास्तरांना विचारा.