शेवटच्या पानाची वाट

शनिवारी दुपारी घराजवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात गालिच्यावर वीस-बावीस मुलं मांडी घालून बसतात आणि मी त्यांच्यासमोर एका बुटक्या स्टुलावर. पुस्तक गालाशी धरायचं, चित्रं मुलांकडे. अंगठा चित्रावर येता कामा नये. पान खालच्या कोपऱ्याला धरून जरासं उचलायचं, थांबायचं आणि मग उलटायचं. मजकूर मला नीट दिसत नाही, तो पाठच असावा लागतो. लेकीकडे सिंगापूरला आल्यापासून मी हे काम करते. त्याआधी तीस वर्षं पुण्यातल्या एका छापखान्यात पुस्तकांची मांडणी केली. अजूनही चित्रांचं पुस्तक हातात आलं की आधी पानं मोजते, मग गोष्ट वाचते.

यंदा १७ फेब्रुवारीला चिनी नववर्ष लागलं, घोड्याचं. त्या आठवड्यात बारा प्राण्यांच्या शर्यतीचं पुस्तक वाचायचं होतं. गोष्ट इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. जेड सम्राट दवंडी पिटवतो की नदी पार करून जे पहिले बारा प्राणी येतील, त्यांच्या नावानं वर्षं ओळखली जातील. सुरुवातीला मी विचारलं, "तुमच्यातलं कोण कोणत्या वर्षाचं?" सगळा गालिचा एका आवाजात ओरडला, "डुक्कर!"

त्याचं कारण साधं आहे. माझ्यासमोरची मुलं जवळजवळ सगळी पहिलीतली, आणि इथे पहिलीच्या वर्गात एकाच वर्षात जन्मलेली मुलं असतात. यंदाची पहिली २०१९ ची, आणि २०१९ हे डुकराचं वर्ष. म्हणजे समोर बसलेली जवळजवळ सगळी मुलं एकाच प्राण्याची, आणि तो प्राणी शर्यतीत बारावा. एरवी गोष्टीतला नायक पहिल्या पानापासून मुलांसोबत असतो. इथे त्यांना अकरा जणांना नदीपार होऊ द्यावं लागतं, तेव्हा कुठे आपला येतो. उंदीर, बैल, वाघ पाहून ती हसत होती, पण मान उंच करून पुस्तकाच्या उरलेल्या पानांची जाडीही बघत होती.

या जाडीचं गणित मला फार आवडतं. अशी पुस्तकं बहुधा ३२ पानी असतात, म्हणजे सोळा पानांचे दोन फॉर्म. शीर्षक आणि प्रकाशनाची माहिती यांत तीन पानं गेली की गोष्टीला चौदा जोडपानं उरतात. मागचं एक पान वर्षांच्या तक्त्याला. चौदातलं एक सम्राटाच्या दवंडीला लागतं, एक उंदरानं मांजराला वेळेवर उठवायचं या दोघांच्या ठरावाला आणि एक अगदी शेवटी धापा टाकत येणाऱ्या मांजराला. उरली अकरा, आणि प्राणी बारा. इथे गोष्टच चित्रकाराच्या मदतीला धावते. उंदीर बैलाच्या डोक्यावर बसून येतो, साप घोड्याच्या खुराला विळखा घालून येतो, आणि बोकड, माकड, कोंबडा तिघे एकाच तराफ्यावर. बारा प्राणी आठ जोडपानांत मावतात आणि तीन हाताशी राहतात. ती तीन कुठे खर्च केली, यावरून मला चित्रकार कळतो.

बहुतेक जण एक तरी उंदराच्या उडीवर खर्च करतात, आणि ते योग्यच आहे. डाव्या पानावर बैलाचं प्रचंड ओलं कपाळ, शिंगांच्या मध्ये करंगळीएवढा उंदीर, उजव्या कडेला काठ. इथे मी पान उचलून थांबते. मुलं श्वास रोखतात. उलटलं की उंदीर हवेत.

मांजराचं काय करायचं, हा मात्र वादाचा भाग आहे. काही पुस्तकांत उंदीर मित्राला उठवायला विसरतो, काहींत मुद्दाम उठवत नाही, काहींत भर नदीत ढकलून देतो. हल्लीची बरीच पुस्तकं 'विसरतो'वर थांबतात. मला ते पटत नाही. सात वर्षांच्या मुलाला शाळेच्या रांगेत मित्रानं ढकलल्याचा अनुभव असतो. त्याला चित्रातला धक्का दिसू द्यावा. तियानजिनमध्ये जन्मलेल्या आणि शांघायमध्ये वाढलेल्या एड यंग यांनी १९९५ मध्ये ही गोष्ट चितारली, तेव्हा पुस्तकाच्या नावातच मांजर आणि उंदीर ठेवले. शर्यतीच्या मुळाशी मोडलेली मैत्री आहे, हे त्यांनी मुखपृष्ठावरच सांगून टाकलं. व्हिएतनामी पुस्तकांत मात्र हा सगळाच मामला वेगळा, कारण तिथल्या बारांत सशाच्या जागी मांजरच आहे.

ड्रॅगन हीसुद्धा एक परीक्षा असते. पंखांचा, आग ओकणारा ड्रॅगन दिसला की मी ते पुस्तक बाजूला ठेवते. चिनी ड्रॅगन पाण्याचा स्वामी. हरणासारखी शिंगं, माशासारखे खवले, गरुडासारख्या नख्या, लांब मिशा, आणि भोवती ढग. उडता येत असूनही तो पाचवा येतो, कारण वाटेत कोरड्या शेतांवर पाऊस पाडायला थांबतो आणि नंतर ओंडक्यावर अडकलेल्या सशाला फुंकर घालून काठाला लावतो. हे पान मी सगळ्यात हळू उलटते.

एकाच पुस्तकात इतकी दाटी नको म्हणणाराही एक आहे. ऑलिव्हर चिन यांची सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेली मालिका २००६ मध्ये कुत्र्यापासून सुरू झाली, दरवर्षी त्या वर्षाच्या प्राण्याचं एक पुस्तक, आणि २०१७ मध्ये कोंबड्यापाशी पुरी झाली. सगळी बारा आमच्या कपाटात ओळीनं उभी आहेत. त्यातलं स्वतःच्या वर्षाचं पुस्तक मुलं कण्यावरच्या रंगावरून शोधून काढतात.

ब्रास बासा भागातल्या चिनी पुस्तकांच्या एका दुकानात मला याच गोष्टीची तैवानची एक प्रत मिळाली. उभ्या ओळींचा मजकूर, म्हणून पुस्तक उजवीकडून उघडणारं. सगळे प्राणी उजवीकडून डावीकडे पोहत होते. पहिल्यांदा मला वाटलं, सगळे परत का निघालेत? मग पानं त्यांच्या बाजूनं उलटली आणि नदी सरळ वाहू लागली. अशा पुस्तकाचा मजकूर आडवा करून भाषांतर छापायचं, तर चित्रं आरशातल्यासारखी उलटी करावी लागतात किंवा सगळी मांडणीच नव्यानं करावी लागते. मांडणी करणाऱ्या माणसाला घाम फोडणारं काम आहे हे.

रात्री नातवाला तीच गोष्ट मराठीत सांगते, तेव्हा माझी खरी कसोटी लागते. चिनी 'न्यू' या शब्दात गाय, बैल सगळं येतं. मी बैल म्हणते, कारण नदीत उतरताना माझ्या डोळ्यांपुढे तोच येतो. 'यांग' म्हणजे शेळी की मेंढी, हे चिनी भाषेनं ठरवलेलंच नाही. एका पुस्तकात लोकर असते, दुसऱ्यात दाढी. त्या रात्री चित्रात जे असेल ते मी म्हणते. वाघ काठावर पोचला की नातू हमखास थांबवतो, "मग त्याची मावशी कुठंय?" मांजर वाघाची मावशी, हे त्याला मीच शिकवलंय. पाय धरून ओढत नेल्यासारखा तो गोष्टीला पुन्हा मांजराकडे नेतो. उंदराच्या बाजूनं बोलायलाही तोच. गणपतीचं वाहन ना ते.

आणि डुक्कर. मराठीत हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, म्हणून आधी जीभ अडखळायची. आता नाही. घर या अर्थाच्या चिनी अक्षराला वर छप्पर असतं, आणि त्या छपराखाली जे चिन्ह आहे ते डुकराचं. हे मी गालिच्यावरच्या मुलांना विचारते, तर त्यांना ते आधीच माहीत असतं आणि ती बोटांनी हवेत काढून दाखवतात. त्या शनिवारी शेवटी डुक्कर आलं, वाटेत जेवून, झोप काढून, पोट सुटलेलं, आणि अख्ख्या गालिच्यानं टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर सगळी मुलं मागच्या तक्त्यावर तुटून पडतात. ग्रंथालयाच्या प्रतीचं हेच पान सगळ्यात मळलेलं, कोपरे मऊ झालेलं. चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान केव्हाही येतं, म्हणून तक्त्यात नुसतं वर्ष नसतं, तारखा असतात. २०१९ चं डुक्कर ५ फेब्रुवारीला सुरू झालं. एका मुलाचा जन्म जानेवारीअखेरचा निघाला. सगळ्यांबरोबर तोही डुक्कर म्हणून ओरडला होता, पण तक्त्याप्रमाणे तो कुत्रा. त्यानं ती ओळ दोनदा वाचली. गालिचा रिकामा झाल्यावर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आंटी, कुत्र्याचं पान परत." पाण्यात खेळत बसल्यामुळे अकरावा आलेल्या कुत्र्याचं पान मी त्याला एकट्याला वाचून दाखवलं, दोनदा.

बाकीची मुलं दुसऱ्याच कामाला लागलेली असतात. आई कोण, बाबा कोण, पो-पो म्हणजे आजी कोण. चिनी घरांत कुणाचं वय थेट विचारण्याऐवजी प्राणी विचारतात आणि बाराबाराच्या उड्या मारून मनातल्या मनात वय काढतात. पुस्तक घरी गेलं की पोरं हेच करतात, हे मला त्यांच्या आयांकडून कळतं.

माझ्या नातवानंही तेच केलं. तो २०१९ च्या ऑक्टोबरचा. घरच्या प्रतीच्या तक्त्यावर त्याचं बोट वर सरकलं, २००७, १९९५, १९८३, १९७१, १९५९. तिथे मी. पाच उड्या. साठ वर्षांनी प्राणी तर परत येतोच, त्याचं तत्त्वही परत येतं. आम्ही दोघं मातीची डुकरं. माझ्या पत्रिकेत 'विकारी नाम संवत्सर' लिहिलेलं आहे. आपली संवत्सरंही साठ, आणि विकारी पुन्हा लागलं ते २०१९ च्या गुढीपाडव्याला. त्या वर्षी पुण्यात माझी षष्ट्यब्दी झाली आणि दिवाळीच्या तोंडावर हा जन्मला. त्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "मग तुझी आई?"

तक्ता १९३६ पासून सुरू होतो. माझी आई सन पस्तीसची. बोटांवर मोजून त्यानंच काढलं, आणखी दोन उड्या, तीही डुक्कर. मग एकदम थांबला. "पण तारीख?" तारीख कुणी लिहून ठेवली नव्हती. आई होळीच्या आसपास झाली, एवढंच आजी सांगायची. होळी म्हणजे केव्हा, त्यानं विचारलं. मार्च, मी म्हटलं. त्यानं पेन्सिल आणली, तक्त्याच्या वरच्या कोऱ्या जागेत पट्टी लावून एक ओळ आखली, १९३५ लिहिलं आणि त्यापुढे छपराखाली एक डुक्कर काढलं.