सहाशे वीस

कल्याणहून सकाळी सुटणाऱ्या फास्ट लोकलमध्ये पत्त्यांचे अड्डे काही नवे नाहीत. मांडीवर ब्रीफकेस आडवी ठेवायची, पानं वाटायची आणि मेंढीकोट असेल तर डोंबिवली यायच्या आत कोणीतरी भिडूचा उद्धार करायचा. मला नवल वाटलं होतं ते एका निराळ्या चौकडीचं. पानं हातात आली की ही मंडळी आधी बराच वेळ नुसती बोलत. वन स्पेड, पास, टू हार्ट्स, पास. एकेकदा ठाणं यायचं तरी ब्रीफकेसवर एकही पान पडलेलं नसायचं. पुढे ते सगळे निवृत्त झाले आणि डाव रामबागेतल्या एका फ्लॅटमध्ये रविवार दुपारी बसू लागला. बोलण्यात एवढा वेळ कशाला जातो हे बघायला मी तिथे गेलो.

लोकलमधले तिघे तेच होते. चौथा मुलाकडे पुण्याला गेला. त्याच्या जागी आता एक निवृत्त गणितशिक्षिका बसतात. त्यांना सगळे ताई म्हणतात. नोकरीची सगळी वर्षं त्या लेडीज डब्यातून गेल्या, त्यामुळे हा अड्डा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. त्यांच्यासमोर भिडू म्हणून काका बसतात. उरलेले दोघे अजून एकमेकांना अरे-तुरे करतात. त्यांतले एक आयुष्यभर हिशेबनीस होते आणि दर दोन डावांनी त्यांच्या तोंडून एकच आकडा बाहेर पडतो: सहाशे वीस.

आकडा साधा आहे. चार इस्पिकची बोली म्हणजे इस्पिक हुकूम धरून तेरांपैकी दहा हात करण्याचं वचन. 'व्हल्नरेबल' असताना, म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही जबर असताना, ते पाळलं की ६२० गुण मिळतात. दहा हात होणारच होते पण बोली तीनवरच थांबवली, तर १७० वर समाधान मानायचं. जे बोललात तेच गेमसाठी, म्हणजे मोठ्या बक्षिसासाठी, धरायचं, ही कल्पना अमेरिकेच्या हॅरोल्ड व्हँडरबिल्टने १९२५ साली पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवर रुजवली आणि आजचा काँट्रॅक्ट ब्रिज उभा राहिला. तेव्हापासून भित्र्याला या खेळात दंडच आहे.

बोलायचं, पण शब्द मोजके. एक ते सात या पातळ्या, किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि नो ट्रंप. अशा पस्तीस बोल्या. त्यात पास, डबल आणि रिडबल मिळवले की अडतीस. तेरा पानांचं सगळं गाऱ्हाणं एवढ्यातच मांडायचं, तेही दर वेळी आधीच्या बोलीपेक्षा वर चढून. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक असे गुण मोजतात. पूर्ण जोडात चाळीस, त्यांतले पंचवीस-सव्वीस दोघांत मिळून असले की गेमची आशा धरायची. एवढं मला अर्ध्या तासात कळलं. शेजारीपाजारी याला पत्ते कुटणं म्हणतात. काका त्यांना सर्वोच्च न्यायालयाचा १९६७ चा निकाल ऐकवतात. रमीत नशिबाचा भाग आहे तो ब्रिजमध्ये पानं वाटताना असतो तसाच, असं त्यात म्हटलं होतं. ब्रिजकडे कोणी संशयाने पाहिलंच नव्हतं, उलट रमीची अब्रू ब्रिजने वाचवली, यावर काका खूश असतात. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या कोलकात्याच्या जोडीने सुवर्ण मिळवलं तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते, हेही ते सांगतातच.

ज्या डावापाशी माझं मन पुन्हा पुन्हा जातं, तो मी ताईंच्या मागे खुर्ची टाकून पाहिला. त्यांच्या हातात राणी-गुलामासह इस्पिकची पाच पानं, चौकटचा राजा, बदामचं फक्त एक पान, बाकी भाजीपाला. काका 'एक इस्पिक' बोलले, त्यांच्या डावीकडून 'दोन बदाम' आली आणि ताईंनी थेट 'चार इस्पिक'वर उडी मारली. हात दुबळा असला तरी हुकूम भरपूर आहेत, हे सांगायची ती रीत. आता हिशेबनीसांची पाळी. ते 'पाच बदाम' म्हणाले. अकरा हात होणार नाहीत हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पण त्यांची बाजू व्हल्नरेबल नव्हती. समोरच्यांनी डबल करून दंड वाढवला आणि तीन हात कमी पडले तर जाणार ५००, आणि समोरच्यांचे वाचणार सहाशे वीस. चार पडले तर मात्र ८००, म्हणजे व्यवहार अंगाशी. ही जाणूनबुजून हरायची बोली.

काका थांबले. पानं उलटसुलट लावली, छताकडे बघितलं, चांगला मिनिटभर गेला. मग म्हणाले, "पास."

पुढच्यानेही पास दिला आणि बोली ताईंकडे आली. मला वाटलं, आता काय प्रश्नच नाही. माणूस एवढा अडखळला म्हणजे त्याच्या हातात काहीतरी आहे; पाच इस्पिक तरी बोला, नाहीतर डबल करा. ताईंनी पानं मिटली आणि पास दिला.

पाच बदाम तीन हातांनी पडले. डबल नसल्यामुळे हाती आले अवघे दीडशे. पानं उलगडून पाहिली तर इस्पिकचे अकरा हात सरळ होत होते.

"सहाशे वीसच्या जागी दीडशे!" हिशेबनीसांचा आनंद मावेना. खरं तर साडेसहाशेच्या जागी, पण आकडा त्यांचा ठरलेला.

नियम असा की भिडूच्या बोलीवरून काय वाटेल ते ताडावं. त्याच्या आवाजावरून, चेहऱ्यावरून, रेंगाळण्यावरून मात्र काही घ्यायचं नाही. विचार करणं हा गुन्हा नाही. पण त्या विचाराने जी वाट सुचवली, तिच्याखेरीज दुसरी रास्त वाट असेल तर सुचलेली वाट सोडायची. स्पर्धांतून बोलीच्या छापील पट्ट्या वापरतात त्या याचसाठी, सूर कळू नये म्हणून. रामबागेत पट्ट्या नाहीत, पंच नाही, पैसाही लावलेला नाही. मी ताईंना विचारलं, काका थांबले नसते तर पाच बोलला असता का?

"नक्की सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणूनच पास."

या खेळातल्या बुद्धीचं कौतुक मला आधीपासून होतं, आणि ते थोडं उगाच होतं असं आता वाटतं. गुण मोजायला यंत्रही शिकेल. समोरच्याचा सुस्कारा ऐकू आल्यावर तो ऐकलाच नाही असं वागणं, तेही घरच्या टेबलावर, हे काम अवघड. आपण ऑफिसात आणि घरात सगळे निर्णय एरवी अशा सुस्काऱ्यांवरच घेतो.

काका ओशाळले होते. डबल करावं की पाच बोलावं हे ठरेना, म्हणून पास दिला, असं त्यांनी कबूल केलं. ताईंनी आवाज चढवला नाही, पण सोडलंही नाही. "विचार केलात ना, मग निर्णयही तुम्हीच घ्या. अर्धवट शिजलेलं माझ्या पानात वाढू नका."

चहा आला तशी एक जाड वही निघाली. जोडीचे करार त्यात लिहिलेले असतात: कुठली बोली म्हणजे काय, एक्के कसे विचारायचे. निम्मे करार पुढच्या रविवारी कोणालाच आठवत नाहीत, असा माझा संशय आहे. ताईंनी नवं पान काढलं. आपण ताकद दाखवून गेमला पोचलो आणि ते वर चढले, तर आपला पास म्हणजे 'तुम्ही ठरवा'. मग भिडूने एकतर डबल करायचं, नाहीतर पुढे जायचं, गप्प बसायचं नाही.

"म्हणजे आज माझा पास तसाच होता," काका घाईने म्हणाले.

"नव्हता. मी ताकद कुठे दाखवली होती? माझे चार इस्पिक दुबळ्या हाताचे होते."

"मग तेही लिहा."

"आणि मोठ्याने वाचा," पलीकडून हिशेबनीस म्हणाले. "तुमचा करार आम्हाला कळल्याशिवाय चालत नाही. लपवलेला करार म्हणजे लबाडी." ताईंनी वाचून दाखवलं. हिशेबनीसांनी दोन शंका काढल्या. दुसरी रास्त होती, म्हणून ते वाक्य खोडून पुन्हा लिहावं लागलं. तोवर चौथ्याने पानं पिसून ठेवली होती.