राउटरची तीन अंगे : हार्डवेअर, परवाना आणि सॉफ्टवेअर

आम्ही या विद्यालयाच्या वसतिगृहात वाढलेले काही माजी विद्यार्थी आज संगणकजाळ्यांच्या देखभालीच्या व्यवसायात आहोत. सुटीत घरी गेलो की "तुम्ही नेमके काय काम करता?" हा प्रश्न ठरलेला असतो. "नेटवर्क सांभाळतो" एवढे सांगून आम्ही वेळ निभावून नेतो. परंतु ते उत्तर अपुरे आहे, ही खंत मनात राहते. स्मरणिकेच्या निमित्ताने ते उत्तर सविस्तर द्यावे, पालकांना आपल्या मुलांच्या कामाची कल्पना यावी आणि या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या धाकट्या बंधुभगिनींना काही उपयोगी पडावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

एखाद्या बँकेची शाखा, रुग्णालय किंवा जिल्ह्याच्या ठिकाणचे कार्यालय डोळ्यांसमोर आणावे. आत अनेक संगणक असतात आणि बाहेर मुख्यालयाकडे जाणारी दूरसंचार कंपनीची एखादी जोडणी असते. या दोहोंच्या सीमेवर उभे राहून माहितीचे प्रत्येक पॅकेट कोणत्या वाटेने पाठवायचे हे जे यंत्र ठरवते, ते राउटर. घरातील वाय-फायचा डबा हासुद्धा राउटरच. पण तो बिघडला तर नवा आणून काम भागते. कार्यालयाचा राउटर बंद पडला की खिडकीपुढची रांग थांबते. म्हणून त्याची देखभाल हे वेगळे शास्त्र झाले आहे.

उदाहरणासाठी आम्ही सिस्को कंपनीचा ४३३१ हा राउटर घेतो. शाखा-कार्यालयांसाठी बनवलेल्या ४००० मालिकेतील हे यंत्र. त्याची विक्री उत्पादकाने २०२३ मध्ये थांबवली असली, तरी बसवलेली यंत्रे अजून ठिकठिकाणी काम करीत आहेत. याला तीन अंगे आहेत : हार्डवेअर, परवाना आणि सॉफ्टवेअर. तिन्ही एकाच पेटीत नांदतात. पण तिघांचे आयुष्य वेगळे आणि नियमही वेगळे. एकाकडे पाहताना दुसऱ्याचा विसर पडला की घोटाळा होतो, हेच आम्हाला या लेखात सांगायचे आहे.

हार्डवेअर : जे हाताला लागते

ही पेटी सुमारे ४.४ सेंटिमीटर उंचीची, रॅकमध्ये एका घराची जागा घेणारी. पाठीमागे जोडणीची तीन गिगाबिट द्वारे, आणि गरजेप्रमाणे निराळी मॉड्यूल बसवण्यासाठी रिकामे कप्पे. आत प्रक्रियायंत्रणा, किमान ४ जीबी स्मृती आणि सॉफ्टवेअर साठवणारी फ्लॅश. वीजपुरवठ्याचे एकक एकच. त्यामुळे ते गेले की यंत्र गेले. याच मालिकेतील ४४५१ सारख्या मोठ्या यंत्रात दुसरे एकक बसवता येते.

पेटी न उघडता आत काय आहे ते विचारता येते. 'शो इन्व्हेंटरी' ही आज्ञा दिली की यंत्र आपल्या प्रत्येक भागाचे नाव, उत्पादन-क्रमांक आणि अनुक्रमांक सांगते. 'शो एन्व्हायरन्मेंट' म्हटले की तापमान, पंखे आणि वीजदाब यांची स्थिती कळते. आपल्या वसतिगृहात कोठीपासून घंटेपर्यंत प्रत्येक वस्तूची डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद असे आणि वर्षाअखेर ती प्रत्यक्ष वस्तूशी ताडून पाहिली जाई. आमचे काम त्याहून फार वेगळे नाही. एक दक्षता मात्र अधिक : चालू यंत्रातून मॉड्यूल काढायचे असेल, तर आधी आज्ञा देऊन तो कप्पा थांबवावा आणि मगच हात लावावा.

परवाना : जे दिसत नाही, पण अडवते

नवख्या माणसाला सर्वाधिक चकवते ते हे अंग. ४३३१ मधून साधारणपणे १०० मेगाबिट प्रतिसेकंद इतकी वाहतूक होते. जास्त शुल्क भरून वेगाचा परवाना घेतला की तेच यंत्र ३०० मेगाबिट देते. आत एकही नवा भाग बसवला जात नाही. वेग मुळातच असतो, परवाना फक्त त्याचे दार उघडतो. सुरक्षित जोडण्या, दूरध्वनी-सेवा यांसाठीही असेच वेगवेगळे परवाने आहेत. वेगाची आज्ञा दिल्यावर यंत्र पुन्हा सुरू केल्याखेरीज ती अमलात येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पूर्वी हा परवाना त्या विशिष्ट पेटीच्या अनुक्रमांकाशी बांधलेला असे. या नियमाचा धडा आमच्यापैकी एकाला नोकरीच्या पहिल्याच वर्षी मिळाला. एका कार्यालयाचा राउटर रात्री बंद पडला. बदली यंत्र आले, राखून ठेवलेली मांडणी त्यात भरली, दिवे हिरवे झाले आणि पहाटे सारे समाधानाने घरी गेले. दहा वाजता तक्रारी सुरू झाल्या : सगळे चालते, पण संथ चालते. जोडणी ३०० मेगाबिटची आणि पोहोचत होते १००. दुपारपर्यंत आम्ही दूरसंचार कंपनीच्या माणसांशी वाद घालत राहिलो. शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने शांतपणे विचारले, "परवाना कोणत्या पेटीवर आहे?" तो मृत पेटीवर होता. मांडणीची प्रत आमच्याकडे होती, परवान्याच्या हस्तांतरणाचा विचार मात्र कोणीच केला नव्हता. दोष यंत्राचा नव्हता, दूरसंचार कंपनीचाही नव्हता. आमच्या नोंदवहीत एक रकाना कमी होता.

आता पद्धत बदलली आहे. आयओएस एक्सई या सॉफ्टवेअरच्या १६.१० आवृत्तीपासून 'स्मार्ट लायसन्सिंग' आले : परवाने संस्थेच्या नावे उत्पादकाकडील खात्यात जमा राहतात आणि यंत्रे त्यांतून वापर दाखवतात. १७.३.२ पासून बहुतेक परवाने आधी नोंदणी न करता वापरता येतात. वापराचा अहवाल मात्र पाठवावा लागतो. पेटीशी असलेली गाठ सैल झाली, पण हिशेबाची जबाबदारी संपली नाही. किती परवाने विकत घेतले आणि किती वापरात आहेत, हे 'शो लायसन्स समरी' या आज्ञेने वेळोवेळी पाहून खात्याशी जुळवावेच लागते.

सॉफ्टवेअर : जे जुने होते

हार्डवेअर झिजते, सॉफ्टवेअर झिजत नाही. मग ते बदलायचे कशाला? याचे उत्तर ऑक्टोबर २०२३ ने साऱ्या जगाला दिले. त्या महिन्याच्या १६ तारखेला आयओएस एक्सईमधील एक गंभीर उणीव जाहीर झाली. यंत्राची व्यवस्था ब्राउझरमधून पाहण्याची सोय जेथे इंटरनेटवर उघडी होती, तेथे परका माणूस कोणत्याही पासवर्डवाचून स्वतःसाठी सर्वाधिकारी खाते तयार करू शकत होता. तीव्रतेच्या मापनात तिला १० पैकी १० गुण मिळाले आणि जगभरातील हजारो यंत्रांत घुसखोरी झालेली आढळली. दुरुस्त केलेली पहिली आवृत्ती, १७.९.४ए, २२ ऑक्टोबरला आली. मधल्या दिवसांत उपाय एकच होता : ती सोय बंद करणे. घुसखोरांनी पेरलेला छुपा प्रोग्राम यंत्र पुन्हा सुरू केले की नाहीसा होई, पण त्यांनी उघडलेली खाती तशीच राहत. ज्यांच्याकडे खात्यांची यादी आधीपासून लिहिलेली होती, त्यांना परका कोण हे लगेच ओळखता आले.

म्हणून सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे लागते. हे काम बहुधा रात्री, कार्यालय बंद असताना चालते. त्याचा क्रम असा :

१. आजची स्थिती लिहून घ्यावी : चालू आवृत्ती, मोकळी जागा, कोणती द्वारे चालू आहेत, कोणते परवाने वापरात आहेत.

२. चालू मांडणी जतन करून तिची प्रत यंत्राबाहेर ठेवावी. राउटरमध्ये 'रनिंग' आणि 'स्टार्टअप' अशा दोन मांडण्या असतात. चालू मांडणी जतन केली नाही, तर यंत्र पुन्हा सुरू होताच मधले सारे बदल पुसले जातात.

३. नवी फाइल राउटरवर आणून तिची एमडी५ बेरीज उत्पादकाने दिलेल्या बेरजेशी ताडावी. एका अक्षराचाही फरक असला, तर ती फाइल टाकून द्यावी.

४. कॉन्फिगरेशन रजिस्टरचा आकडा पाहावा. नेहमीचा आकडा २१०२. पासवर्ड विसरल्यावर तो २१४२ करतात, म्हणजे जतन केलेली मांडणी न वाचता यंत्र सुरू होते. काम झाल्यावर तो पूर्ववत करायला कोणी विसरले असेल, तर पुढच्या वेळी यंत्र कोऱ्या पाटीसारखे उभे राहते.

५. 'इन्स्टॉल ॲड' या आज्ञेने नवे सॉफ्टवेअर मांडावे आणि 'ॲक्टिव्हेट'ने ते सुरू करावे.

६. द्वारे, मार्ग आणि परवाने पहिल्या नोंदीशी जुळवून पाहावेत. सर्व ठीक असेल तरच 'कमिट' म्हणावे.

शेवटच्या पायरीत मोठे शहाणपण आहे. नवे सॉफ्टवेअर सुरू झाल्यावर यंत्र आपल्या होकाराची वाट पाहते. ही मुदत साधारणपणे १२० मिनिटांची असते. तेवढ्यात 'कमिट' आले नाही, तर ते आपण होऊन जुन्या आवृत्तीवर परतते. दूरच्या शाखेचा राउटर बदलताना संपर्कच तुटला आणि आपला होकार पोहोचला नाही, तर दोन तासांत शाखा पूर्वस्थितीवर येते. तिन्ही आज्ञा एकाच ओळीत देण्याचीही सोय आहे. ती दिली की वेळ वाचतो. पण ही दोन तासांची मुभा राहत नाही. झोप आलेल्या रात्री हा मोह फार होतो. तो टाळावा, असा आमचा अनुभवाचा सल्ला आहे.

एका पानाची नोंद

प्रत्येक राउटरसाठी आम्ही आता एकच पान ठेवतो. त्यावर पेटीचा आणि मॉड्यूलचा अनुक्रमांक, परवान्याचे नाव आणि मुदत, सॉफ्टवेअरची आवृत्ती, मांडणीची प्रत कोठे आहे ती जागा, अधिकृत खात्यांची यादी, उत्पादकाचा आधार कधी संपणार तो दिनांक, आणि शेवटचा बदल कोणी व कधी केला ते लिहिलेले असते. हे पान लिहायला अर्धा तास पुरतो. ते नसल्याने गेलेली दुपार आम्ही वर सांगितलीच आहे.

या क्षेत्रात येणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो : आज्ञा पाठ करणे अवघड नाही, त्या पुस्तकात मिळतात. बदल करण्यापूर्वी आज काय आहे ते लिहून घेणे आणि परतीची वाट मोकळी ठेवणे, ही सवय मात्र स्वतःच लावून घ्यावी लागते. दिवे हिरवे दिसले म्हणून काम संपले असे मानू नये. सकाळी दहा वाजता खिडकीपुढची रांग सुरळीत चालू लागली, म्हणजे ते संपले. आमच्या व्यवसायात काम नीट झाले की कोणाच्या लक्षातही येत नाही. पालकांनी विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर बहुधा हेच असावे.