मांडीवरचे प्रवासी

बेळगावहून चोर्ला घाटाने पणजीला गेलेल्या प्रत्येकाला एक अनुभव ठाऊक आहे. घाट उतरू लागला की कानात दडे बसतात, शेजाऱ्याचे बोलणे विहिरीतून आल्यासारखे वाटते आणि एकदा आवंढा गिळला की ‘फट्’ होऊन कान मोकळे होतात. आपले गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फूट उंच, गोव्याचा किनारा जवळजवळ शून्यावर. एवढ्याशा उताराची ही कथा. विमान उतरताना हाच प्रकार अधिक उंचीवरून आणि थोड्या वेळात घडतो. आणि आवंढा गिळावा हे ज्याला उमगत नाही असे आठ महिन्यांचे मूल मांडीवर असेल, तर ते दुसरे काय करणार? रडणार!

हे रडणे हट्टाचे किंवा वळण नसल्याचे लक्षण नव्हे, दुखण्याचे आहे. रागाने मागे वळून पाहणाऱ्या सद्गृहस्थांचेही कान त्याच क्षणी दडलेले असतात. फरक इतकाच की त्यांना गिळता येते. मी पदार्थविज्ञान शिकवते, आणि धाकटी आठ महिन्यांची व थोरला अडीच वर्षांचा असताना दोघांना घेऊन बंगळूर-दिल्ली असा प्रवास केला आहे. हल्ली आपल्यापैकी कितीतरी जणांची भावंडे दूरदेशी नोकरीस असतात आणि बारशा-लग्नाला तान्ही मुले घेऊन विमानाने येतात. तेव्हा या प्रवासातले शास्त्र थोडे समजून घ्यायला हरकत नाही.

विमान ३५००० फुटांवर उडत असले तरी आतली हवा तितकी विरळ नसते. यंत्रे ती दाबून भरत असतात. पण ती जमिनीवरच्या इतकी दाटही ठेवीत नाहीत, कारण मग आतल्या व बाहेरच्या दाबातील फरक सोसण्यासाठी विमानाची भिंत फार जाड आणि जड करावी लागेल. म्हणून तडजोड म्हणून आतला दाब ६००० ते ८००० फूट उंचीवरच्या हवेइतका राखतात. म्हणजे खिडकीबाहेर हिमालय दिसो की ढग, आपण बसलेलो असतो साधारण उटीच्या हवेत. ८००० फुटांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे तीन चतुर्थांश भरतो. बॉइलचा १६६२ सालचा नियम विद्यार्थ्यांना आठवत असेलच : दाब तीन चतुर्थांश झाला की कोंडलेली हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगते.

अशी कोंडलेली हवा आपल्या कानाच्या पडद्यामागे असते. तिथून घशाच्या मागच्या बाजूस एक बारीक नळी जाते. ती एरवी मिटलेली असते आणि गिळताना किंवा जांभई देताना उघडते. विमान वर जाताना पडद्यामागची हवा फुगते आणि नळीला आतून ढकलून आपोआप बाहेर पडते. उतरताना मात्र उलटे. आता बाहेरचा दाब जास्त, आतला कमी. आणि नळीच्या मऊ भिंती बाहेरच्या दाबाने अधिकच मिटतात. एका बाजूनेच उघडणाऱ्या झडपेसारखा हा प्रकार आहे. हवेला आत शिरायचे तर नळी स्नायूंनी ओढून उघडावी लागते, म्हणजेच गिळावे लागते. तोपर्यंत पडदा आत ओढला जातो आणि ठणकतो. तान्ह्या मुलाची ही नळी आखूड, अरुंद आणि मोठ्यांच्या मानाने आडवी असते. त्यात सर्दी झालेली असेल तर ती सुजून जवळजवळ बंदच. म्हणून सर्दी किंवा कानदुखी असताना डॉक्टरांना दाखवल्याशिवाय निघू नये, आणि शक्य असल्यास तिकीट पुढे ढकलावे.

या एका गोष्टीवरून बाळाला पाजण्याची वेळ ठरते. पुष्कळ आया विमान वर जाताना पाजतात, पोट भरते, बाळ झोपते. आणि उतरताना, जेव्हा खरी गरज असते, तेव्हा ते तोंड फिरवते. मी उलट करते. वर जाताना जरूर पडली तरच पाजायचे आणि भूक उतरण्यासाठी राखून ठेवायची. धावपट्टीला टेकण्याच्या अर्धा तास आधीच उतरण सुरू होते. वैमानिक सांगेपर्यंत थांबू नये; इंजिनांचा आवाज मंदावला की समजावे. झोपेत गिळणे कमी होते, म्हणून मी लेकीला तेव्हा हलकेच उठवते. आमच्या सासूबाईंना हे मुळीच पटत नाही. निजलेल्या मुलाला उठवू नये हा त्यांचा नियम बॉइलच्या नियमापेक्षा जुना आहे! थोरल्याला पाण्याचे घोट, केळे किंवा पोळीचा तुकडा पुरतो. गोळ्या आणि शेंगदाणे मात्र लहान मुलाच्या हाती देऊ नयेत. विमानाला गचका बसला तर ते श्वासनलिकेत जायचे.

बॉइलसाहेब आणखी एके ठिकाणी भेटतात. नळीने पिण्याचा झाकणबंद पेला जमिनीवर भरून घेतला आणि वर गेल्यावर उघडला, की आतली फुगलेली हवा दुधाला ढकलते आणि कारंजे थेट शेजाऱ्याच्या सदऱ्यावर! नळी उघडण्यापूर्वी झाकण थोडे सैल करावे. बाळाचे दूध व खाणे प्रवासापुरते जवळ नेता येते; १०० मिलिलिटरची अट त्याला लावत नाहीत, तपासणीच्या वेळी ते वेगळे काढून दाखवावे.

झोपेचे औषध देण्याचा सल्ला हमखास मिळतो. सर्दीच्या काही औषधांनी गुंगी येते, म्हणून ती त्यासाठी वापरतात. त्यांनी काही मुले झोपण्याऐवजी उलट चेकाळतात, आणि तान्ह्यांच्या श्वासावर त्यांचा वाईट परिणाम होऊ शकतो. मुळीच देऊ नये.

असो. दुखणाऱ्या कानापेक्षा गंभीर प्रश्न मांडीचा आहे. दोन वर्षांखालील मुलाला स्वतंत्र आसन घ्यावे लागत नाही, ते आईबापांच्या मांडीवर बसते. प्रत्येकीला वाटते, माझे हात घट्ट आहेत. जडत्वाचा हिशेब मात्र वेगळे सांगतो. १९८८ सालापासून अमेरिकेत नव्या जातीच्या विमानांची आसने गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट धक्का सोसतील अशी घडवावी लागतात. त्या धक्क्यात ९ किलोचे मूल जवळजवळ दीड क्विंटलचे होते. कोणत्या मातेचे हात ते धरतील?

१९ जुलै १९८९ रोजी डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या एका डीसी-१० विमानाचे शेपटाकडील इंजिन फुटले, सुकाणूची सारी यंत्रणा निकामी झाली आणि ते आयोवा राज्यात सू सिटी येथे कोसळत उतरले. त्यात मांडीवरची चार मुले होती. तेव्हाच्या सूचनेनुसार त्यांना आईबापांच्या पायांपाशी जमिनीवर ठेवायला सांगण्यात आले. त्यांतले एक दगावले. त्यानंतर अमेरिकेच्या अपघात-चौकशी मंडळाने प्रत्येक मुलाला स्वतंत्र आसन व पट्टा सक्तीचा करावा अशी शिफारस केली. विमान-वाहतूक खात्याने ती मानली नाही. त्यांचे म्हणणे असे, की तिकिटाचा भार वाढला तर काही कुटुंबे मोटारीने जातील, आणि रस्त्यावर त्याहून अधिक मुले मरतील.

हा युक्तिवाद निर्दय वाटतो, पण खोटा नाही. मात्र तो सरकारने सर्वांसाठी कोणता नियम करावा याचा हिशेब आहे. आपल्या मुलासाठी आपण काय करावे याचा नव्हे. ऐपत असेल आणि प्रवास लांबचा असेल, तर तान्ह्यासाठीही आसन घ्यावे आणि विमानासाठी मान्य झालेली मोटारीतील बाल-खुर्ची त्यावर बांधावी. कंपनीला आधी विचारावे, कारण नियम सारखे नसतात. ही खुर्ची खिडकीकडे ठेवतात, म्हणजे इतरांची वाट अडत नाही.

मांडीवरच न्यायचे तर आपल्याकडे सेविका एक लहान पट्टा देतात, तो आपल्या पट्ट्यात ओवून बाळाच्या कमरेला बांधायचा. युरोपात असा पट्टा सक्तीचा आहे, तर अमेरिकेत विमान सुटताना-उतरताना त्याला बंदी! दोघांचेही शास्त्र बरोबर आहे. हवेतल्या खळग्यात मूल उडून छताला आपटू नये यासाठी पट्टा उपयोगी. जोराच्या टकरीत मात्र आईचे वाकलेले शरीरच बाळाला चिरडू शकते. मला पहिला धोका अधिक नेहमीचा वाटतो, म्हणून मी पट्टा बांधते. आपल्याच पट्ट्यात स्वतःला आणि बाळाला एकत्र कधीही घेऊ नये. मग बाळ आपली उशी बनते.

प्राणवायूचा मुखवटा आधी स्वतः लावावा, ही सूचना ऐकून आयांचे मन कचरते. ३५००० फुटांवर दाब गेला तर माणसाची शुद्ध कामापुरती राहते ती अर्ध्या ते एका मिनिटापर्यंत. मुलाशी झटापट करताना आपण बेशुद्ध झालो तर दोघांनाही कोणी नाही. स्वतःचा लावायला काही सेकंद पुरतात. तीन आसनांच्या ओळीवर बहुधा चारच मुखवटे असतात. म्हणून मांडीवरची दोन मुले एका ओळीत एकाच बाजूस बसवीत नाहीत. जुळी असली तर नवराबायकोंनी वाटेच्या दोन बाजूंना बसावे लागते, हे तिकीट काढतानाच लक्षात ठेवलेले बरे.

राहता राहिला अडीच वर्षांचा गडी. त्याला वाटेकडच्या आसनावर बसवू नये. तिथून जाणारी खाण्याची गाडी जड असते, तिच्यावर कढत चहा असतो, आणि इवलेसे कोपर नेमके बाहेर येते. त्याला खिडकी द्यावी. पंखाच्या मागच्या कडेच्या फळ्या उतरताना कशा खाली सरकतात ते दाखवावे. आमचा थोरला त्या मोजण्यात इतका गुंगतो की केळे खायचे राहते, आणि ते त्याच्या तोंडात कोंबण्याचे काम वडिलांकडे येते.