शिधापत्रिकेवरील विवाह-केक

विवाहाच्या केकचा अंदाज सामान्यतः पाहुण्यांच्या संख्येवरून बांधला जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये मात्र तो पैशांपेक्षा शिध्यावर अधिक अवलंबून होता. जानेवारी १९४० मध्ये साखर व लोणी यांचे शिधावाटप सुरू झाले. त्याच वर्षी केकवर साखरेचा लेप देण्यासही सरकारने मनाई केली. तेव्हा आप्तेष्ट आपापल्या वाट्यातून थोडेथोडे जिन्नस राखून ठेवीत. एवढे करूनही केक लहानच होई. मग पुठ्ठ्याचे अथवा प्लास्टरचे शुभ्र, मजलेदार आवरण भाड्याने आणून त्यावर ठेवीत आणि कापण्याच्या वेळी ते उचलून घेत. युद्ध संपले तरी टंचाई संपली नव्हती. १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथ यांच्या केकसाठीही ऑस्ट्रेलियातून भेटीदाखल जिन्नस आले होते. साखरेवरील नियंत्रण उठण्यास १९५३ साल उजाडावे लागले.